नाकाचे ऑपरेशन : आधी समजून घ्या, मग ठरवा

‘नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं’ ही म्हण आजही घराघरांत ऐकू येते. म्हणूनच स्थळं पाहायला सुरुवात झाली की मुली हळूच विचारतात, ‘सिस्टर, ऑपरेशनने नाक सरळ होतं का?’ आकार बदलता येतो. पण त्यासाठी काय करतात आणि त्यात धोका काय, हे आम्ही येथे सांगत आहोत.

नाकाच्या वरच्या भागात हाड असते, खाली लवचिक कूर्चा. मधला पडदा वाकडा असल्याने श्वास अडकत असेल, तर तो सरळ करतात, ही सेप्टोप्लास्टी. बाहेरचा आकार बदलणे म्हणजे ऱ्हायनोप्लास्टी. काही वेळा दोन्ही एकत्र करतात.

ऱ्हायनोप्लास्टीच्या दोन पद्धती आहेत. ‘बंद’ पद्धतीत सर्व छेद नाकपुड्यांच्या आत घेतात. ‘खुल्या’ पद्धतीत दोन नाकपुड्यांमधल्या पट्टीवर लहान छेद घेऊन त्वचा वर उचलतात. उंचवटा असेल तर तो घासतात, गरजेप्रमाणे हाड कापून पुन्हा बसवतात. बसक्या नाकाला उंची देण्यासाठी पडद्याची, कानाची किंवा बरगडीची कूर्चा वापरतात. बहुतेक वेळा पूर्ण भूल द्यावी लागते.

नंतर साधारण आठवडाभर नाकावर पट्टी राहते. डोळ्यांखाली काळे-निळे होते. बरीचशी सूज काही आठवड्यांत उतरते. पण अंतिम आकार दिसायला वर्ष लागू शकते. त्वचा जाड असेल तर आणखी वेळ लागतो.

धोकेही जाणून घ्या. रक्तस्राव, जंतुसंसर्ग, भुलेचा त्रास, बधिरपणा, पडद्याला भोक पडणे, दोन्ही बाजू सारख्या न दिसणे, आणि आधी नीट चालणारा श्वास नंतर अडकणे. काहींना दुसरे ऑपरेशन करावे लागते, आणि ते पहिल्यापेक्षा अवघड असते. ‘ऑपरेशनशिवाय नाक’ म्हणून ब्युटी पार्लरमध्ये फिलरचे इंजेक्शन मुळीच घेऊ नका. ते रक्तवाहिनीत गेले तर त्वचा मरते, क्वचित दृष्टीही जाते.

ठरवण्याआधी एवढे करा. नाकाची वाढ पूर्ण होऊ द्या. डॉक्टर प्लास्टिक सर्जन किंवा नाक-कान-घसातज्ज्ञ आहेत का, त्यांची वैद्यकीय परिषदेकडे नोंदणी आहे का, हे तपासा. चालू औषधे सांगा. विडी-सिगारेट, तंबाखू, मिश्री बंद करा. जखम भरायला उशीर होतो. दुसऱ्या ऑपरेशनची वेळ आली तर खर्च कोणाचा, हेही विचारा. कर्ज काढून घाई करू नका.

अपघातात मोडलेले नाक किंवा अडकणारा श्वास ही उपचाराची बाब आहे. स्वतःच्या मनापासून आकार बदलावासा वाटला, तर तोही ज्याचा त्याचा हक्क. पण पाहुण्यांनी नाव ठेवले म्हणून? इंग्रज अधिकारी हर्बर्ट रिस्ले यांनी नाकाच्या मापावरून जातीची पायरी ठरवण्याचा खटाटोप केला होता. बाबासाहेबांनी १९४८ च्या ‘द अनटचेबल्स’ या ग्रंथात नाकाच्या मापांचेच आकडे मांडून दाखवले, की ब्राह्मण आणि अस्पृश्य हे वेगळ्या वंशाचे नाहीत. ती मोजपट्टी आपण आपल्या लेकींना लावायची नाही. ज्या स्थळाला मुलीचे शिक्षण न दिसता नाक दिसते, ते स्थळ नाकारण्याला भूल लागत नाही, टाकेही पडत नाहीत.