डिंडोलीचा कारीगर आणि कंत्राटदार शोधणारा कायदा (लेखांक ५)

सुरतच्या आग्नेयेला, उधना आणि लिंबायतला लागून असलेल्या डिंडोलीत खानदेशी माणसांची दाट वस्ती आहे. सुरत-भुसावळ लोहमार्गाने नवापूर, नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर या भागांतून ही कुटुंबे आली. घरात अहिराणी बोलली जाते, श्रावणात कानबाई बसते, महापालिकेच्या मराठी शाळांत मुले शिकतात. येण्याची रीत मात्र ठरलेली आहे. मामा, मेहुणा किंवा भावकीतला कोणी आधी आलेला असतो. तो नव्याला खोलीवर ठेवून घेतो आणि आपल्या खात्यात, म्हणजे यंत्रमागाच्या कारखान्यात, शेठकडे शब्द टाकतो. यात मुकादम नाही, उचल नाही, करार तर नाहीच. नेमक्या याच कारणाने स्थलांतरितांसाठी केलेला कायदा डिंडोलीतल्या बहुतेकांपर्यंत चाळीस वर्षे पोहोचला नाही.

आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायदा १९७९ चा. ओडिशातून ‘दादन’ पद्धतीने, म्हणजे उचल देऊन, नेल्या जाणाऱ्या मजुरांची पिळवणूक त्यामागे होती, त्यामुळे कायद्याची सारी रचना कंत्राटदाराभोवती झाली. एका राज्यात कंत्राटदाराने भरती करून दुसऱ्या राज्यात कामाला लावलेला तोच स्थलांतरित कामगार, अशी व्याख्या ठरली. अशा कामगाराला पासबुक, प्रवासभत्ता आणि महिन्याच्या निम्म्या वेतनाइतका विस्थापन भत्ता देणे बंधनकारक होते. बारडोली परिसरातल्या साखर कारखान्यांसाठी नंदुरबार-धुळ्याहून मुकादमामार्फत येणारा ऊसतोडीचा कोयता, म्हणजे नवरा-बायकोची जोडी, निदान कागदावर तरी या व्याख्येत बसत होता. नात्यागोत्याच्या आधाराने आलेला मागावरचा कारीगर बसत नव्हता.

वास्तविक संरक्षणाची त्याची गरज कमी नाही. कारीगर एका वेळी आठ-दहा माग सांभाळतो. पाळी बारा तासांची आणि पगार विणलेल्या मीटरवर असतो. वीज गेली, बीम संपला, सूत वेळेवर आले नाही, तर मीटर पडत नाहीत आणि तेवढा पगार बुडतो. ताक्यात खोट निघाली तर तिची कपातही त्याच्याच हिशेबातून होते. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) गावी जायचे तर बदली माणूस लावावा लागतो, कारण भरपगारी रजा नाही. नेमणूकपत्र नसते, अनेकदा हजेरीचीही नोंद नसते. पट्ट्यात हात सापडला तर १९२३ च्या भरपाई कायद्यापासूनच तुकड्यावर काम करणाऱ्यालाही हक्क आहे. पण आपण याच खात्यात कामाला होतो हे सिद्ध करायला त्याच्यापाशी एक चिठ्ठीही नसते. बाकीच्या सगळ्या उणिवांचे मूळ या न झालेल्या नोंदीत आहे.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या. त्यांतील सुरक्षा व आरोग्य संहितेने स्वतःहून आलेल्या कामगारालाही स्थलांतरित मानले, ही मोठी आणि उशिरा आलेली दुरुस्ती आहे. नेमणूकपत्र सक्तीचे झाले. मात्र आस्थापनेत किमान दहा कामगार असतील तरच ही संहिता लागू होते, आणि स्थलांतरितांसाठीच्या तरतुदींना परराज्यांतले दहाजण हवेत. पूर्वी हा आकडा पाच होता. ठरलेल्या वेतनमर्यादेपेक्षा, म्हणजे महिना १८,००० रुपयांपेक्षा, अधिक कमावणारा व्याख्येबाहेर जातो. बारा-बारा तास राबून ही रेघ ओलांडणाऱ्या कारीगराला त्याच्या कष्टाचीच शिक्षा मिळते. विस्थापन भत्ता वगळला गेला. त्यातच विजेवर चालणाऱ्या कारखान्यासाठी कामगारसंख्येची अट दहावरून वीस झाली. लहान लहान खात्यांत विभागलेल्या सुरतेच्या माग-धंद्यात अशा प्रत्येक आकड्यासरशी हजारो माणसे कक्षेबाहेर राहतात.

डिंडोलीत जन्मलेल्या दुसऱ्या पिढीचा प्रश्न याहून अवघड आहे. बापाबरोबर त्याच खात्यात उभा राहणारा मुलगा ‘एका राज्यातून दुसऱ्या राज्यात आलेला’ नाही, म्हणून स्थलांतरितांच्या तरतुदी त्याला नाहीत. घरी बसून साड्यांना टिकल्या चिकटवणाऱ्या, लेस लावणाऱ्या बायका तर कोणत्याच आस्थापनेच्या पटावर नसतात. अशा घरी बसून काम करणाऱ्यांविषयीचा आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेचा १९९६ चा करार भारताने अजून स्वीकारलेला नाही.

यातून सुधारणेची दिशा ठरते: संरक्षण आस्थापनेच्या आकाराला किंवा आणणाऱ्या माणसाला न जोडता काम करणाऱ्याला जोडले पाहिजे. असे करता येते, याचा दाखला याच दोन राज्यांत आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये रेशनकार्ड दुसऱ्या राज्यात चालण्याची सुरुवात झाली, तेव्हा पहिल्या जोड्यांमध्ये गुजरात आणि महाराष्ट्र होते. २९ जून २०२१ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ही सोय देशभर लागू करण्याची आणि असंघटित कामगारांच्या नोंदणीची मुदत घालून दिली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ई-श्रम पोर्टल सुरू झाले. धान्य माणसामागे जाऊ शकते, तर विमा, अपघात भरपाई आणि बांधकाम कामगार कल्याण मंडळाचे लाभही जाऊ शकतात. कामाचे राज्यही पुढाकार घेऊ शकते: केरळने परराज्यांतील कामगारांसाठी २०१० मध्ये कल्याण योजना आणि २०१७ मध्ये ‘आवाझ’ आरोग्य विमा सुरू केला.

गुजरात सरकारने दहाची अट काढून प्रत्येक खात्याला नेमणूकपत्र सक्तीचे करावे, मीटरच्या दरातून किमान वेतन निघते की नाही याची तपासणी ठेवावी आणि घरी काम करणाऱ्या बायकांची नोंद माल देणाऱ्या व्यापाऱ्याच्या नावे करावी. महाराष्ट्र सरकारचीही जबाबदारी सीमेवर संपत नाही. नंदुरबार, धुळे आणि जळगावच्या कामगार कार्यालयांनी सुरतेच्या कार्यालयाशी लेखी करार करून थकीत पगार आणि अपघाताच्या तक्रारी गावाकडेच, मराठीत नोंदवून घेतल्या पाहिजेत.