कोबाल्टची धार, आयर्लंडचा पाऊस

दोन नरम स्टेनलेस थरांमध्ये एक कडक पोलादी गाभा, अशी तीन थरांच्या सुरीची रचना. गाभ्यासाठी बरेचदा जपानमधल्या ताकेफू कंपनीचं व्हीजी-१० पोलाद वापरतात. त्यात कार्बन सुमारे १ टक्का, क्रोमियम १५ आणि कोबाल्ट दीड टक्का. कडकपणा रॉकवेल मापावर ६० च्या आसपास. स्वस्त स्वयंपाकघरी सुऱ्या साधारण ५५ च्या आगेमागे असतात.

रोजच्या वापरात हा फरक हाताला जाणवतो. टोमॅटोची साल दाबाविना कापली जाते, कोथिंबीर चेंगरत नाही, धारही बरीच टिकते. मात्र कडक पातं थोडं ठिसूळच. गोठलेलं मांस, हाडं, नारळाची करवंटी यांवर ते चालवू नये, पिळूही नये. धारेचे टवके उडतात. बाहेरच्या नरम थरावर ओरखडे पटकन येतात, पण त्यांनी धारेचं काही बिघडत नाही. धार लावताना पाण्याचा दगड घ्यावा आणि घाई करू नये.

अशी सुरी आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर वापरायची, तर तिथली हवा दमट आणि खारट. क्रोमियम गंजाला अडवतं, पूर्ण थांबवत नाही. मासे किंवा लिंबू कापल्यावर सुरी लगेच धुऊन कोरडी करावी, हे मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं.

सुरी सहलीला नेणार असाल तर आयर्लंडचा १९९० चा कायदा लक्षात ठेवा: सबळ कारणाशिवाय सार्वजनिक ठिकाणी पात्याची वस्तू बाळगणं तिथे गुन्हा आहे.