दुर्बिणीचे ऑपरेशन झाले, मग जळजळ कायमची जाते का?

रमजानमध्ये इफ्तारला भजी-समोसे, पाठोपाठ भरपेट जेवण आणि लगेच तरावीह. सजद्यात डोके खाली गेले की आंबट पाणी घशाशी येते. अनेकांचा हा त्रास ईदनंतर थांबतो. काहींना मात्र तो बारा महिने असतो. रात्री खोकल्याने झोपमोड होते, एक गोळी चुकली की छातीत आग पडते. अशा रुग्णाला तासगावहून सांगली-मिरजेला नेले की डॉक्टर कधी दुर्बिणीचे ऑपरेशन सुचवतात. मग घरचे विचारतात, गोळ्या कायमच्या सुटतील का?

अन्ननलिका जिथे जठराला मिळते तिथली झडप सैल पडली की आम्ल वर येते. ऑपरेशनमध्ये जठराचा वरचा भाग अन्ननलिकेच्या टोकाभोवती गुंडाळून टाके घालतात. 1955 मध्ये डॉ. रुडॉल्फ निस्सेन यांनी ही पद्धत आणली, तेव्हा पोट उघडावे लागे. 1991 पासून ते पोटावरच्या लहान छिद्रांतून होऊ लागले.

पुढे काय होते, याचा मोठा हिशेब स्वीडनमधला आहे. 2005 ते 2014 या काळात असे ऑपरेशन झालेल्या 2655 रुग्णांवर सरासरी पाच वर्षे लक्ष ठेवले गेले. त्यांतील 470 जणांचा, म्हणजे शंभरात सुमारे 18 जणांचा त्रास परतला. त्यांपैकी 393 जणांना पुन्हा दीर्घकाळ गोळ्या घ्याव्या लागल्या, तर 77 जणांचे दुसरे ऑपरेशन झाले. म्हणजे बहुतेकांना चांगला आराम मिळतो, पण जन्मभराची हमी कोणी देऊ शकत नाही.

युरोपात गोळ्या आणि ऑपरेशन यांची पाच वर्षे तुलना झाली. आंबट पाणी वर येण्याचा त्रास गोळ्या घेणाऱ्यांत शंभरात 13 जणांना, तर ऑपरेशनवाल्यांत 2 जणांना उरला. मात्र घास अडकणे, पोट फुगणे आणि गॅस या तक्रारी ऑपरेशनवाल्यांत जास्त होत्या. ढेकर देणे किंवा उलटी होणेही काहींना जड जाते.

अमेरिकेत गोळ्यांनी गुण न आलेल्या 366 जणांना तपासले, तेव्हा 42 जणांना गोळी जेवणाआधी, ठरल्या वेळी घेतल्यावरच आराम पडला. 99 जणांची जळजळ आम्लामुळे नव्हतीच. शेवटी 78 जणच ऑपरेशनच्या तुलनेसाठी योग्य ठरले. त्यांच्यात मात्र ऑपरेशनने औषधांपेक्षा बराच जास्त गुण आला.

म्हणून दागिने मोडण्याआधी किंवा कर्ज काढण्याआधी डॉक्टरांना स्पष्ट विचारा. एंडोस्कोपी झाली का? चोवीस तास आम्ल मोजणारी आणि अन्ननलिकेचा दाब पाहणारी तपासणी झाली का? अशी किती ऑपरेशने तुम्ही केली आहेत? सरकारी आरोग्य योजनेत खर्च बसतो का, हे रुग्णालयातील आरोग्यमित्राला विचारा. छातीत दुखून डाव्या हातात कळ येत असेल, घाम फुटत असेल, तर ती ॲसिडिटी समजून घरी थांबू नका. घास अडकत असेल, वजन घटत असेल किंवा काळी शौच होत असेल, तरीही लगेच दाखवा.

ऑपरेशननंतर काही आठवडे पातळ-मऊ अन्न, लहान घास आणि जड ओझे न उचलणे हे पाळावे लागते. त्या काळात रोजे आले तर संकोच नको. आजारी माणसाला रोजे नंतर पूर्ण करण्याची मुभा कुरआनने सूरह अल-बकरामध्ये दिली आहे. बरे झाल्यावरही इफ्तार थोडक्यात करा आणि सहरी करून लगेच आडवे होऊ नका. दुआ करावीच, पण दवा आणि परहेजही सोडू नये.