सभेपुढील विषय

“नगरपालिकेत चालते तरी काय?” असा प्रश्न कुणी केला, तर “भांडणे!” असे एका शब्दात उत्तर देऊन आपल्यापैकी बहुतेकजण मोकळे होतात. यात आपला दोष थोडा आणि बातम्यांचा अधिक आहे. सभेत कुणी कागद फाडले, कुणी सभात्याग केला, की त्याची बातमी होते. वीस विषय शांतपणे मंजूर झाले तर होत नाही. परंतु जन्माच्या नोंदीपासून स्मशानातील शेडपर्यंत आणि सकाळच्या नळापासून रात्रीच्या दिव्यापर्यंत जे काही आपल्या वाट्याला येते, त्यातील बरेचसे या सभेच्या टेबलावरून आलेले असते. राज्यशास्त्राच्या अभ्यासक्रमातील ‘स्थानिक स्वराज्य संस्था’ हे प्रकरण आपण गुणांपुरते पाठ करतो. माझे घर शिरूरला आणि आजोळ दौंडला. त्यामुळे हे प्रकरण पुस्तकाबाहेर ताडून पाहण्याची मला सोय होती. त्यातून जे ध्यानात आले ते येथे मांडत आहे.

शिरूर म्हणजे जुने घोडनदी. एके काळी येथे इंग्रजांची छावणी होती. १ जानेवारी १८१८ रोजी कोरेगावची लढाई झाली, तेव्हा कॅप्टन स्टाँटनची तुकडी निघाली होती ती शिरूरहूनच. छावणीच्या आधाराने बाजारपेठ वाढली आणि १८६८ साली येथे नगरपालिका स्थापन झाली. स्थानिक स्वराज्याचा जनक म्हणून आपण ज्या लॉर्ड रिपनचे नाव परीक्षेत लिहितो, त्याचा ठराव १८८२ चा. म्हणजे शिरूरची नगरपालिका त्याहून चौदा वर्षांनी वडील! भीमेकाठचे दौंड मात्र वाढले ते रेल्वेमुळे. १८७८ साली दौंड-मनमाड लोहमार्ग सुरू झाला, दौंड जंक्शन झाले आणि गावाचा तोंडवळाच बदलला. २०११ च्या जनगणनेत शिरूर शहराची लोकसंख्या सुमारे ३७ हजार, तर दौंडची सुमारे ४९ हजार भरली. चाळीस हजारांपर्यंतचे गाव ‘क’ वर्गात, त्यावरचे एक लाखापर्यंतचे ‘ब’ वर्गात, या हिशेबाने शिरूर ‘क’ वर्गातील आणि दौंड ‘ब’ वर्गातील नगरपरिषद ठरते. दोहोंचा कारभार चालतो तो एकाच कायद्याने. महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम, १९६५ असे त्याचे लांबलचक नाव आहे.

या कायद्याने नगरपरिषदेची कामे दोन भागांत वाटली आहेत. दिवाबत्ती, झाडलोट, पाणी, गटारे, आग विझवणे, जन्म-मृत्यूची नोंद ही कामे बंधनकारक. ती करावीच लागतात. बागा, वाचनालये, सभागृहे अशी कामे ऐच्छिक. ऐपत असेल तर करावीत. घर चालवणाऱ्या गृहिणीला हा भेद समजावून सांगावा लागत नाही. आधी पीठ-मीठ, मग पडदे. सभेतील पुष्कळशा वादांचे मूळ मात्र याच भेदात असते. कमान आधी की गटार आधी, हा प्रश्न कोणत्याही गावच्या सभेत कधी ना कधी उपस्थित होतोच.

आता सभेकडे वळू. सर्वसाधारण सभा दोन महिन्यांतून एकदा तरी व्हावी असे कायदा सांगतो. तिची सूचना सात पूर्ण दिवस आधी प्रत्येक सदस्याला पोचली पाहिजे. विशेष सभेसाठी तीन दिवस पुरतात. सूचनेबरोबर येते ती विषयपत्रिका. साऱ्या कारभाराची किल्ली कोणती असे मला विचाराल, तर मी या साध्या कागदाकडे बोट दाखवीन. जो विषय पत्रिकेवर नाही, त्यावर सभेत एरवी निर्णय होत नाही. ‘ऐनवेळी येणारे विषय’ असे एक कलम शेवटी असते खरे. पण ते अध्यक्षांच्या परवानगीने. म्हणून सभेत कोण किती मोठ्याने बोलले याला जेवढे महत्त्व, त्याहून अधिक महत्त्व पत्रिकेवर काय आले आणि काय आले नाही याला असते. विषय ठरतात ते सभेपूर्वी. सभेच्या दिवशी गर्दी करणारे नागरिक पुष्कळदा आठवडाभर उशिरा आलेले असतात.

सभेचा पहिला विषय ठरलेला असतो : मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. कंटाळवाणा वाटणारा हा विषय खरे तर मोठ्या मोलाचा आहे. मागच्या वेळी काय ठरले, ते लिहिले गेले तसेच ठरले होते काय, हे तपासण्याची ही वेळ. त्यानंतर एकेक विषय पुकारला जातो. कार्यालयाची टिपणी वाचली जाते, चर्चा होते, एकजण ठराव मांडतो तो सूचक, दुसरा त्याला दुजोरा देतो तो अनुमोदक. एकमत असेल तर ‘सर्वानुमते मंजूर’, नसेल तर हात वर. समसमान मते पडली तर अध्यक्षाला निर्णायक मत असते. तज्ज्ञ म्हणून घेतलेल्या स्वीकृत सदस्यांना बोलता येते, मत देता येत नाही. गणपूर्ती नसेल तर सभा तहकूब होते. दुःखवट्याचा ठराव, मान्यवरांना मानपत्र यांनाही सभेत स्थान आहे. आणि आपल्याला बहुधा ठाऊक नसते ती गोष्ट अशी की, सभा सामान्यतः नागरिकांना खुली असते. मागे बसून ऐकण्यास कुणाची शिफारस लागत नाही.

एका विषयाचा प्रवास पाहिला म्हणजे सारे स्पष्ट होईल. समजा, एका आळीत नळाला धार बारीक येते आणि मोठी जलवाहिनी टाकायला हवी. रहिवासी अर्ज देतात. अर्जावर आवक क्रमांक पडतो. अभियंता जागेवर जाऊन मोजमाप घेतो, खर्चाचे अंदाजपत्रक करतो. हा पैसा कोणत्या लेखाशीर्षातून द्यायचा यावर लेखापालाचा शेरा येतो. मुख्याधिकारी टिपणी तयार करतात आणि विषय पत्रिकेवर चढतो. सभेत ठराव होतो. पण ठराव झाला म्हणजे दुसऱ्या दिवशी कुदळ पडते असे नव्हे. तांत्रिक मंजुरी, निविदा, आलेल्या दरांना मान्यता, ठेकेदाराला कार्यादेश, झालेल्या कामाची मोजमाप पुस्तकात नोंद आणि अखेरीस देयक, अशा पायऱ्या पुढे असतात. यांपैकी कोणत्याही पायरीवर कागद थांबू शकतो. ‘काम मंजूर आहे’ आणि ‘काम चालू आहे’ या दोन वाक्यांमध्ये केवढे अंतर आहे, हे या पायऱ्या मोजल्यावर कळते. ‘कागद कोणत्या टेबलावर आहे?’ हा प्रश्न ‘आमचे काम कधी करणार?’ या प्रश्नापेक्षा अधिक कामाचा आहे. पहिल्याला उत्तर द्यावे लागते, दुसऱ्याला आश्वासन पुरते.

आता पैशाचे. वर्षाचे अंदाजपत्रक ही सभेची सर्वांत मोठी बैठक. पूर्वी नगरपालिकांचा मोठा आधार जकातीचा होता. १९९९ साली नगरपरिषदांच्या हद्दीतील जकात रद्द झाली आणि तिच्या जागी शासनाचे सहायक अनुदान आले. मालमत्ता कर, पाणीपट्टी, गाळ्यांचे भाडे, बाजार फी हे घरचे उत्पन्न. वित्त आयोगाचा निधी आणि शासकीय योजना हे बाहेरचे. बाहेरचा पैसा येतो तो कशासाठी खर्चायचा हे बहुधा ठरवूनच येतो. त्यामुळे सभेला खरोखर स्वतःच्या मनाने खर्चता येईल असा पैसा असतो तो घरच्या उत्पन्नाचा. दर चार वर्षांनी घरांची कर आकारणी नव्याने होते तेव्हा आपण हरकती घेतो, आणि तो आपला हक्कच आहे. पण कर थकवणारा माणूस सभेचे हातही तेवढेच आखडत असतो, हेही विसरून चालणार नाही.

सभेच्या अधिकारालाही कुंपण आहे. दौंडचे उदाहरण घ्या. गावातील मोठी जमीन रेल्वेची. राज्यघटनेच्या २८५ व्या अनुच्छेदानुसार केंद्राच्या मालमत्तेवर स्थानिक संस्थेला एरवी कर बसवता येत नाही. दिलेल्या सेवांचे शुल्क तेवढे मागता येते. लोहमार्गाने गावाचे दोन भाग केलेले, आणि ये-जा व्हायची ती कुरकुंभ मोरीसारख्या बोगद्यांतून. रुळांखालचा रस्ता रुंद करावा असा ठराव नगरपरिषद एकमताने करील. पण रुळांखाली कुदळ मारायची तर रेल्वेची संमती हवी. शिरूरलाही तेच. गावाला पाणी घोडनदीचे, पण नदीत पाणी किती सोडायचे ते ठरते वरच्या धरणांवर, पाटबंधारे खात्यात. ज्या गोष्टी हातात नाहीत त्याबद्दल सभा करते ते फक्त शिफारशीचे ठराव. ‘सभेने काय केले?’ असे विचारताना विषय सभेच्या कक्षेतील होता काय, हेही पाहिले पाहिजे. शिवाय एखादा ठराव बेकायदा आहे किंवा त्याने जनतेस उपद्रव होईल असे वाटल्यास जिल्हाधिकारी त्याची अंमलबजावणी थांबवू शकतात.

तरीही ठरावाच्या शब्दांत केवढे सामर्थ्य असते, आणि अंमलबजावणीवाचून तो केवढा दुबळा असतो, याची दोन उदाहरणे आपल्याच महाराष्ट्राच्या इतिहासात आहेत. महात्मा फुले पुणे नगरपालिकेचे सदस्य असताना, १८८० च्या सुमारास, व्हाइसरॉय लॉर्ड लिटनच्या स्वागतासाठी हजार रुपये खर्चण्याचा विषय आला. हा पैसा गरिबांच्या शिक्षणावर खर्च करावा असे सांगून जोतीरावांनी विरोधी मत दिले. ते मत एकट्याचे होते; ठराव मंजूर झाला. आज त्या मंजूर करणाऱ्यांची नावे आपल्याला आठवत नाहीत, विरोध करणाऱ्याचे आठवते. दुसरे उदाहरण महाडचे. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत असा बोले यांचा ठराव ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदे कौन्सिलात झाला. त्याला अनुसरून १९२४ साली महाड नगरपालिकेने चवदार तळे खुले असल्याचा ठराव केला. तीन वर्षे तो दप्तरातच राहिला. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांचे हजारो अनुयायी तळ्यावर चालत गेले, पाणी प्याले, तेव्हा त्या कागदात प्राण आला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नगरपालिकेने तो ठराव मागे घेतला. पुढे न्यायालयातील लढा १९३७ पर्यंत चालला. ठराव करणे, तो दडपून ठेवणे आणि तो रद्द करणे, तिन्ही गोष्टी एकाच सभागृहातून होऊ शकतात, हा धडा महाडने दिला.

हे सारे आज सांगण्याचे कारण आहे. घटनेच्या ७४ व्या दुरुस्तीने १९९३ पासून नगरपालिकांची मुदत पाच वर्षांची ठरली आणि ती संपण्यापूर्वी निवडणूक व्हावी असे लिहिले गेले. शिरूर-दौंडला डिसेंबर २०१६ मध्ये निवडणूक झाली. त्या सभागृहाची मुदत संपल्यावर मात्र आरक्षणाचा वाद न्यायालयात गेला आणि राज्यातल्या बहुतेक नगरपरिषदांप्रमाणे येथेही प्रशासक आले. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये आदेश दिल्यावर राज्यात २ डिसेंबर २०२५ रोजी मतदान झाले, काही राहिलेल्या ठिकाणी २० डिसेंबरला, आणि २१ तारखेला मतमोजणी. मधल्या सुमारे चार वर्षांत गाव काही थांबले नाही. रस्ते झाडले गेले, नळ सुटले, देयके निघाली. प्रशासकांनी कामे केली नाहीत असे कुणी म्हणणार नाही. पण सूचकही तेच, अनुमोदकही तेच आणि अंमलबजावणी करणारेही तेच, अशी ती व्यवस्था होती. निर्णय होत होते. तो का झाला हे चारचौघांत विचारण्याची जागा तेवढी नव्हती. ज्यांनी २०२२ नंतर अठरावे वर्ष पुरे केले, अशा आपल्यापैकी अनेकांना तर मतदार म्हणून आपल्या गावचे सभागृह २०२५ अखेरपर्यंत पाहायलाच मिळाले नाही. भांडणे म्हणून ज्याला आपण हसतो, ती भांडणे बंद झाल्यावर त्यांची किंमत कळावी, असेच हे झाले.

म्हणून माझ्या विद्यार्थी मित्रमैत्रिणींना एक सुचवावेसे वाटते. एकदा तरी सभेच्या मागच्या बाकावर जाऊन बसा. विषयपत्रिका मिळवा, आपल्या आळीचा विषय तिच्यात आहे की नाही ते पाहा. माहितीच्या अधिकाराचा २००५ चा कायदा आपल्या हाती आहे. दहा रुपयांच्या अर्जावर इतिवृत्ताची प्रत मागता येते. ती वाचताना मंजूर झालेल्या ठरावांपुढे ‘झाले’ किंवा ‘राहिले’ एवढी खूण पेन्सिलीने करा. प्राध्यापकांनी मनावर घेतले तर वर्षाअखेरीच्या एखाद्या प्रकल्पासाठी दोन्ही गावांची इतिवृत्ते तुलनेला ठेवता येतील आणि पुस्तकातले प्रकरण दहापट जिवंत होईल. सभेत बसणारे लोक आपणच निवडून देतो. पुढच्या सभेत पहिला विषय पुकारला जाईल, ‘मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे’. तेव्हा ते इतिवृत्त आधीच वाचून आलेला एक तरी नागरिक मागच्या बाकावर असावा, एवढीच अपेक्षा.