रस्त्यावरचा छायाचित्रकार

आमच्या चांद्याच्या जुन्या वाड्यास दोन दारें होतीं. पुढचें दार हमरस्त्यावर उघडे. मागचें एका अरुंद बोळांत, आणि त्या बोळांतून रोज पहांटे टोपलीचा संडास साफ करणारी बाई येई. घरांत छायाचित्रांचा जाडजूड संग्रह आहे. मुंजी, लग्नें, डोहाळजेवणें, फार काय, दारची गायसुद्धां त्यांत आहे. ती बाई नाहीं. तिचें नांवही आज घरांत कोणास सांगतां येत नाहीं. श्री. सुधारक ओलवे यांनीं टिपलेलीं मुंबईच्या सफाई कामगारांचीं छायाचित्रें पाहत असतां मला हा संग्रह राहून राहून आठवला.

ओलवे आपल्या विदर्भांतलेच, जन्म अकोल्याचा. १९८८ पासून ते मुंबईंत वृत्तपत्रांकरितां छायाचित्रें काढूं लागले. हा पेशा धांवपळीचा. सकाळीं सत्कार, दुपारीं मोर्चा, रात्रीं कोठें आग. आणि दुसऱ्या दिवशीं त्याच अंकाच्या कागदांत वाण्यानें पुडी बांधावयाची! ओलवे मात्र एका विषयापाशीं थांबले. महापालिकेच्या सफाई कामगारांबरोबर ते कचऱ्याच्या ढिगांवर गेले, गटाराच्या तोंडाशीं उभे राहिले, आणि काम आटोपल्यावर त्यांच्या खोलींतही जाऊन बसले. चित्रें कृष्णधवल आहेत. गटारांतून वर येणाऱ्या माणसाचें सर्वांग चिखलानें माखलेलें असतें. ओळख पटते ती केवळ डोळ्यांवरून.

मुंबईकर माणसांचीं अशीं चित्रें घेण्याची कल्पना कांहीं नवी नव्हे. १८५४ सालीं तेथें छायाचित्रकारांची संस्था निघाली, तींत डॉ. भाऊ दाजींचे बंधु डॉ. नारायण दाजी हेही होते. पुढें विल्यम जॉन्सन या गृहस्थांनीं १८६३ व १८६६ सालीं मुंबईच्या जातीजमातींचे सचित्र दोन खंड प्रसिद्ध केले. त्यांतील युक्ति अशी कीं, माणसांचें चित्र निराळें घ्यावयाचें आणि मागाहून तें शहरांतील एखाद्या स्थळाच्या चित्रावर बसवावयाचें. खालीं नांव माणसाचें नव्हे, जातीचें. नागर ब्राह्मण स्त्रियाही त्यांत अशाच बिननांवाच्या बसल्या आहेत. आपल्या आजीपणजीस कोणी असें मांडून ठेविलें असतें तर आपणांस रुचलें असतें काय?

ओलव्यांचा रस्ता चिकटविलेला नाहीं, आणि तो रस्त्यावरच संपतही नाहीं. घरापर्यंत गेल्यामुळें त्यांच्या चित्रांत आजार दिसतो, दारू दिसते, मागें राहिलेली विधवा दिसते. लाड-पागे समितीच्या शिफारशींप्रमाणें सफाई कामगाराची जागा त्याच्या वारसास मिळते. बाप गेला कीं मुलगा झाडू हातीं घेतो, कारण नोकरीबरोबर राहतें घरही जाण्याची भीति असते. सोय म्हणावी तर सोय, आणि बेडी म्हणावी तर बेडीही.

हातानें मैला उचलण्याची प्रथा बंद करणारे कायदे १९९३ व २०१३ सालीं झाले. तरी गटारांत माणसें मरतातच. २०२३ सालीं सर्वोच्च न्यायालयानें अशा मृत्यूची भरपाई दहा लाखांवरून तीस लाखांवर नेली. ओलव्यांना त्यापूर्वींच, २०१६ सालीं, पद्मश्री मिळाली होती.

हीं चित्रें मीं घरीं आणलीं तेव्हां काकू प्रथम रागावल्या. "पोरांसमोर हें कशाला रे मांडलंस?" म्हणाल्या. मग चष्मा लावून एकेक चित्र त्या पाहूं लागल्या. १६ ऑक्टोबर १९५६ रोजीं बाबासाहेबांनीं चांद्यास दीक्षा दिली, त्या दिवशीं गांवांत लोटलेली गर्दी त्यांना अजून आठवते. आमची ती बाई त्या गर्दींत होती कीं नव्हती, हें मीं विचारलें. काकूंस ठाऊक नव्हतें. झाडणाऱ्या एका बाईच्या चित्रापाशीं मात्र त्या बराच वेळ थांबल्या.

"तिच्या हातांत नेहमीं हिरव्या बांगड्या असत," त्या म्हणाल्या. "टोपली उचलली कीं वाजत. आवाज आला म्हणजे आम्ही मागचं दार लावून घेत असूं."