दुभाषी शाळेत आहे, पण घरी कोण?

मंडळाच्या कार्यक्रमात नवी ओळख झाली, की पुढचा प्रश्न ठरलेला असतो, ‘काम काय करता?’ ‘शाळेत कर्णबधिर मुलांसाठी दुभाषी आहोत,’ असं आम्ही सांगितलं, की बहुतेकांना वाटतं आम्ही मुलांना सांभाळतो किंवा शिकवतो. ही दोन्ही कामं आमची नाहीत. आम्ही नेमकं काय करतो आणि कुठे आमचे हात तोकडे पडतात, हे आपल्या मंडळींना ठाऊक असावं, म्हणून हा लेखप्रपंच.

शिक्षक इंग्रजीत बोलतात, ते आम्ही अमेरिकन साइन लँग्वेजमध्ये, म्हणजे एएसएलमध्ये, मुलापर्यंत पोचवतो. मूल हातांनी जे म्हणतं, ते आवाजात वर्गाला सांगतो. उभं राहायचं ते शिक्षकांच्या बाजूला, म्हणजे मुलाला फळा, शिक्षक आणि आमचे हात एका नजरेत दिसतात. बोलण्याच्या जरा मागे राहावंच लागतं, कारण अर्थ कळल्याशिवाय खूण करता येत नाही. बाई म्हणाल्या, ‘पीस ऑफ केक’, आणि आम्ही केकची खूण केली, तर पोराला वाटेल आज कोणाचा तरी वाढदिवस! तिथे ‘अगदी सोपं, डाव्या हातचा मळ’ हा अर्थ पोचवायचा असतो.

मागच्या बाकावरची कुजबुज, शिक्षकांचा टोमणा, कोणी केलेला विनोद, सगळं सांगायचं. इतरांच्या जे कानावर पडतं, ते या मुलालाही कळायला हवं. मात्र वर्गातलं बाहेर न्यायचं नाही. आईने वाटेत गाठून ‘आमचा नीट अभ्यास करतो ना हो?’ असं विचारलं, तरी आम्ही तिला शिक्षकांकडेच पाठवतो.

पुष्कळांना वाटतं, खुणांची भाषा म्हणजे हातांनी केलेलं इंग्रजी. तसं नाही. एएसएलला स्वतःचं व्याकरण आहे. ‘मी तुला देते’ आणि ‘तू मला देतोस’ यांत हाताची दिशा बदलते. भुवया वर गेल्या, की ‘हो की नाही’ असा प्रश्न. खाली आल्या, की ‘कोण, काय, कुठे’. ही भाषा सगळ्या जगात एकही नाही. क्वेबेकमध्ये एलएसक्यू ही वेगळी भाषा आहे. भारतातली खुणांची भाषाही निराळीच. एएसएलची मुळाक्षरं एका हाताची, तर भारतात बव्हंशी दोन्ही हातांची चालतात. सुट्टीत पुण्याला गेलेल्या मुलाला तिथल्या कर्णबधिर मित्रांची भाषा पुन्हा शिकावी लागते.

आज शाळेत दुभाषी मिळतो, त्यामागे मोठी धडपड आहे. १९९० साली गॅरी माल्कोव्स्की हे कर्णबधिर गृहस्थ ऑन्टारिओच्या विधानसभेवर निवडून आले आणि सभागृहात एएसएलमध्ये बोलू लागले. १९९३ साली एएसएल आणि एलएसक्यू यांना शिक्षणाचं माध्यम म्हणून ऑन्टारिओच्या कायद्यात जागा मिळाली. १९९७ साली एल्ड्रिज खटल्यात कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने निकाल दिला, की रुग्णालयात कर्णबधिर रुग्णांना दुभाषी न देणं हा समानतेच्या हक्काचा भंग आहे. २०१९ च्या कायद्याने एएसएल, एलएसक्यू आणि इथल्या आदिवासींच्या खुणांच्या भाषा या कर्णबधिरांच्या मुख्य भाषा म्हणून मान्य झाल्या.

पण आता आमची खरी अडचण सांगतो. दुभाषी अर्थ इकडून तिकडे नेतो. मुलापाशी भाषाच नसेल, तर ती तो देऊ शकत नाही. सहा-सात वर्षांचं मूल शाळेत येतं, घरात कोणालाही खुणा येत नाहीत, बोलणं अर्धवट ऐकू येतं. पाणी, भूक, शू एवढंच त्याला सांगता येतं. आम्ही त्याच्यासमोर अख्खा विज्ञानाचा तास हातांनी मांडला, तरी ते फक्त आमचे हलणारे हात बघतं. पहिल्या चार-पाच वर्षांत जी भाषा मिळायला हवी होती, ती मागाहून भरून काढणं फार अवघड जातं.

आपल्या घरांत एक युक्तिवाद नेहमी ऐकू येतो: घरी मराठी, शाळेत इंग्रजी, त्यात ही तिसरी कशाला? शिवाय हात हलवायची सवय लागली, तर बोलायला शिकणार नाही! ही भीती जुनी आहे. १८८० साली मिलानच्या परिषदेत, बहुतांशी ऐकू येणाऱ्या शिक्षकांनी, शाळांतून खुणा हद्दपार करण्याचा ठराव केला आणि जगभर पिढ्यान् पिढ्या मुलांचे हात दाबले गेले. आपल्याकडच्या शाळांतही भर ओठ वाचण्यावर आणि बोलण्यावरच राहिला. आजी-आजोबांचा सल्ला तिथूनच येतो. ज्या परिषदेने तो ठराव केला, तिनेच २०१० साली व्हँकूव्हरमध्ये तो नाकारून खेद व्यक्त केला. श्रवणयंत्र लावा, कॉक्लिअर इम्प्लांट करा, बोलायला जरूर शिकवा. पण गोंगाटात यंत्र अपुरं पडतं, आणि पोहताना, झोपताना ते काढून ठेवावं लागतं. तेव्हाही मुलाला भाषा लागतेच.

मग करायचं काय? ऑन्टारिओत नवजात बाळांची श्रवणतपासणी होते. दोष आढळला, तर त्याच योजनेत एएसएल शिकण्याच्या सोयीबद्दल विचारा. टोरोंटोत सायलेंट व्हॉइस ही संस्था कर्णबधिर मुलांच्या कुटुंबांना ही भाषा शिकवते. शाळेत मुख्याध्यापकांना लेखी कळवून आयपीआरसी समितीची बैठक मागता येते. तसं पत्र दिल्यावर त्यांना ती टाळता येत नाही. दुभाषी हवा असेल, तर तिथे स्पष्ट मागा. भिडस्तपणा नको.

आणि घरी? आई-बाबांनी शिकाच, पण भावंडं, काका-मावशी यांनाही ओढा. जेवणाच्या पानावर सगळे हसतात, आणि ‘काय झालं?’ असं विचारणाऱ्या मुलाला ‘काही नाही, नंतर सांगते’ हे उत्तर मिळतं. ते ‘नंतर’ क्वचितच येतं. आठवड्याला दहा खुणा शिकलात, तर वर्षाला पाचशेच्या वर होतील. सुरुवात त्याच्या आवडत्या पदार्थांपासून करा. शाळेत आम्ही दिवसाचे सहा तास असतो, बाकीचे अठरा तास ते मूल तुमच्याकडे बघत असतं.