शून्य अंशावरचा दिवस

लंडनला जाऊन आलेल्या माणसाने राजवाडा पाहिला नाही, मेणाचे पुतळे पाहिले नाहीत, असे सांगितले की ऐकणारा त्याच्याकडे कीव आल्यासारखा पाहू लागतो. ही कीव मी पुष्कळ सोसली आहे. २०२३ च्या जूनमध्ये मी लंडनला गेलो तो वेंबलीला राहणाऱ्या आत्याच्या सोबतीसाठी. तिच्या गुडघ्याचे ऑपरेशन झाले होते, त्यामुळे फिरायला म्हणून मला एकच दिवस मोकळा मिळाला. त्या दिवशी काय काय पाहायचे याची यादी आतेबहिणीने करून दिली होती. ती तशीच खिशात ठेवून मी ग्रिनिचला गेलो.

याला कारण आमचे अण्णा. त्यांनी जिल्हा परिषदेच्या शाळेत ३१ वर्षे भूगोल शिकवला. रेखांशाचा धडा आला की ते पिशवीतून मोसंबे आणायचे. सोललेले मोसंबे हातात धरून म्हणायचे, "ह्या फोडींमधल्या रेघा म्हणजे रेखांश. पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे तासाला १५ अंश, आणि एका अंशाला ४ मिनिटे." मग फोडी वर्गात वाटायच्या. दरवर्षी एखादा पोरगा विचारायचाच, "गुरुजी, अक्षांशाचा शून्य विषुववृत्तावर, ते समजलं. पण रेखांशाचा शून्य ग्रिनिचलाच का?" अण्णा म्हणायचे, "इंग्रजांनी ठरवलं म्हणून." या उत्तरावर त्यांचे स्वतःचेच समाधान होत नसे, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसे. मी निघालो तेव्हा ते एवढेच म्हणाले, "जमलं तर ती रेघ बघून ये."

ग्रिनिच थेम्स नदीच्या दक्षिण काठावर आहे. मी उत्तर काठावर रेल्वेतून उतरलो आणि नदीखालच्या बोगद्यातून चालत पलीकडे गेलो. हा पादचारी बोगदा १९०२ सालचा आहे. दक्षिणेला राहणाऱ्या कामगारांना पलीकडच्या गोद्यांत कामाला जाता यावे म्हणून तो बांधला. पैसे पडत नाहीत, हा त्याचा माझ्या दृष्टीने मोठा गुण. वर आल्यावर 'कटी सार्क' हे चहा वाहणारे जुने शिडाचे जहाज दिसते. त्याला बाहेरूनच नमस्कार केला आणि बागेतली टेकडी चढू लागलो.

टेकडीवरची वेधशाळा दुसऱ्या चार्ल्स राजाने १६७५ साली स्थापन केली. राजाला ताऱ्यांचे वेड होते असा माझा समज होता, पण खरी अडचण जहाजांची होती. भर समुद्रात आपण किती उत्तरेला आहोत हे ध्रुवताऱ्याच्या उंचीवरून कळते. पूर्व-पश्चिम मात्र कळत नाही, कारण सगळे आकाशच त्या दिशेने सरकत असते. त्यावर उपाय एकच: आपल्याकडे मध्यान्ह झाली त्या क्षणी घरच्या बंदरात किती वाजले हे कळायला हवे. दोन वेळांत एका तासाचा फरक म्हणजे १५ अंश. अण्णांच्या मोसंब्याचाच हिशेब! पण लंबकाचे घड्याळ हेलकावणाऱ्या जहाजावर टिकायचे कसे? १७०७ साली इंग्रजी आरमाराची चार जहाजे आपण कुठे आहोत हे न कळून सिली बेटांच्या खडकांवर आदळली आणि शेकडो खलाशी बुडाले. १७१४ मध्ये पार्लमेंटने अर्ध्या अंशाच्या आत रेखांश सांगणाऱ्या पद्धतीला २०,००० पौंडांचे बक्षीस लावले. अर्धा अंश म्हणजे दोन मिनिटे. वेस्ट इंडीजच्या कित्येक आठवड्यांच्या प्रवासात घड्याळाची एकूण चूक याहून जास्त होता कामा नये!

ते घड्याळ जॉन हॅरिसन या सुताराच्या मुलाने केले. तोही हाताने सुतारच. त्याची घड्याळे पाहण्यासाठी तिकीट काढावे लागले आणि आमच्या मेसच्या बिलाचा चांगला लचका त्यात गेला, पण मला त्याचे दुःख नाही. १७३५ चे पहिले घड्याळ म्हणजे पितळेच्या दांड्यांचा आणि स्प्रिंगांचा एक पसारा आहे. त्याचे दोन गोळे सतत एकमेकांजवळ येतात, दूर जातात. मी काचेपुढे बराच वेळ उभा होतो. दुसरे आणि तिसरे घड्याळ त्याच जातीचे. तिसऱ्यात तर हॅरिसनची जवळजवळ वीस वर्षे गेली. आणि मग चौथे, १७५९ चे, पाहतो तो काय, तळहातावर मावेल असे खिशातल्या घड्याळासारखे! फक्त १३ सेंटिमीटर रुंद. वीस वर्षांचा रस्ता चुकला हे ओळखून म्हातारपणी नव्याने सुरुवात करणे सोपे नसावे. १७६१ मध्ये त्याचा मुलगा ते घेऊन जमैकाला गेला. रोजचा ठरलेला फरक वजा जाता ८१ दिवसांत घड्याळ ५ सेकंद मागे पडले होते. तरीही मंडळाने चाचण्या, अटी, पुन्हा चाचण्या असे चालवले. शेवटी १७७३ मध्ये, हॅरिसन ८० वर्षांचा झाल्यावर, पार्लमेंटने त्याला ८,७५० पौंड दिले. सुताराने विद्वानांना हरवले की विद्वानांना ते पचायला वेळ लागतो, असे आपले माझे मत.

अंगणात ती रेघ आहे. दगडी फरशीत बसवलेली धातूची पट्टी. दोन्ही बाजूंना एकेक पाय टाकून फोटो काढणाऱ्यांची रांग होती, मीही उभा राहिलो. एअरी या खगोलशास्त्रज्ञाची दुर्बीण जिथे १८५१ पासून वेध घेऊ लागली तिथून ही रेघ जाते. १८८४ साली वॉशिंग्टनच्या परिषदेत २५ देशांपैकी २२ देशांनी हीच शून्य मानावी असे मत दिले. कारण तोपर्यंत जगातली सुमारे ७२ टक्के जहाजवाहतूक ग्रिनिचचे नकाशे वापरत होती. म्हणजे अण्णांचे उत्तर अर्धे बरोबर होते. फ्रान्सने मत दिले नाही आणि १९११ पर्यंत पॅरिसचीच वेळ चालवली. आपल्या ज्योतिषांचा शून्य तर शतकानुशतके उज्जैनवरून जात असे. आणि मुंबई? १९०६ पासून सरकारने साडेब्याऐंशी अंशांवरची, ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढची वेळ देशाला लावली. ती मुंबईच्या वेळेपेक्षा ३९ मिनिटे पुढे होती. गिरणी कामगारांनी त्याच जानेवारीत विरोध केला. भोंगा लवकर म्हणजे झोप कमी, हे कळायला भूगोल लागत नाही. शहरात 'बॉम्बे टाइम' १९५५ पर्यंत टिकून होता.

एक वाजता वेधशाळेच्या छपरावरचा लाल गोळा खाली पडतो. नदीतल्या जहाजांनी आपली घड्याळे लावावीत म्हणून १८३३ पासून ही सोय आहे. त्या वेळी अण्णांना व्हिडिओ कॉल लावून मी फाटकाबाहेर उभा राहिलो. भिंतीवरचे १८५२ चे घड्याळ त्यांना दाखवले तर ते म्हणाले, "इथं साडेपाच झालेत, तिथं सहा कसे?" काटे खरोखरच सहाचे दिसत होते. मला उलगडा व्हायला मिनिट लागले. त्या घड्याळावर २४ आकडे आहेत, शून्य वर आणि बारा खाली. शिवाय ते उन्हाळ्यातही ग्रिनिचचीच वेळ दाखवते, लंडनची घड्याळे तेव्हा एक तास पुढे असतात. म्हणजे तिथे बारा वाजले होते. अण्णा खूश झाले. "बरोबर, साडेपाच तास!"

मग मी त्यांना दुसरी गोष्ट सांगितली. मघाशी रेघेवर उभा असताना माझ्या फोनवर शून्य आले नव्हते, पश्चिमेला पाच सेकंद दाखवत होते. एअरीने आपली दुर्बीण तिथल्या गुरुत्वाकर्षणाच्या 'खाली' या दिशेवर बेतली होती, आणि ती दिशा जागोजागी किंचित कलते. उपग्रह मात्र पृथ्वीच्या मध्यापासून मोजतात. त्यांचा शून्य या रेघेपासून १०२ मीटर पूर्वेला आहे.

"मग जा तिथं," अण्णा म्हणाले.

फोन हातात धरून बागेतून पूर्वेला चालत गेलो. आकडे घटत घटत शून्यावर आले. तिथे गवत होते.

"पाटी वगैरे नाही?"

"नाही."

अण्णांनी त्या गवताकडे बराच वेळ पाहिले. म्हणाले, "मोसंब्यावर हे दाखवता आलं नसतं." मग त्यांनी मी जेवलो का, ते विचारले.